कांबळे मॅडमचे सरदार

"गड्यानं तलवार दिली टाकून आणि भर चौकात बसला की रडत! बायकापोरं बघत्यात, पण ह्येला काय त्याचं? दोन दिवस अन्नाला शिवला न्हाय!"

कांबळे मॅडमच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली वाक्यं. कोल्हापूरच्या त्या कॉलेजात भूगोलाची अधिव्याख्याती म्हणून माझा पहिलाच दिवस होता. स्टाफरूममध्ये मी नुकती कुठे खुर्ची शोधून बसत होते, आणि समोर एक ठेंगण्या, सावळ्या, खणखणीत आवाजाच्या बाई बशीत चहा ओतून घेत ही हकिकत सांगत होत्या. मला वाटलं, शिवाजी पेठेत काल रात्री काहीतरी झालेलं दिसतंय. मी धीर करून विचारलं, "पोलिसांत कळवलं का कुणी?"

सगळी स्टाफरूम हसली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली आणि मला नीट निरखून म्हणाल्या, "पोलीस कुठलं गं तवा? आठशे वर्षं झाली त्याला." मग शेजारची खुर्ची ओढून म्हणाल्या, "पण इच्यारलंस ते बरं केलंस. हितं कुणी इच्यारत न्हाय. बस. भूगोलवाली न्हवं तू?"

त्या दिवसापासून मी 'भूगोल' झाले. माझं माने हे आडनाव त्यांनी पुढच्या बारा-तेरा वर्षांत एकदाही उच्चारलं नाही. "ए भूगोल, हिकडं ये" अशी हाक व्हरांड्याच्या त्या टोकाहून आली की विद्यार्थीसुद्धा वाट करून देत. मला सुरुवातीला राग यायचा. मी काही कुणाच्या हाकेसरशी पळत जाणारी बाई नव्हे. पण जायचे, कारण हाकेच्या पलीकडे हमखास एखाद्या गोष्टीतला सरदार उभा असायचा.

प्रा. सुमन कांबळे इंग्रजी शिकवत. वर्गात त्यांचं इंग्रजी इतकं स्वच्छ होतं की मागच्या बाकावरची टवाळ पोरंही चूप बसत. पण मध्ययुगातल्या दंतकथांमधला चिलखत घातलेला सरदार आला, की मॅडमची भाषा इंग्रजीतून थेट गावाकडे वळायची. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल त्याही "मी आलो, मी सांगतो" असंच बोलत. आणि त्या विलायती सरदारांबद्दल अशा बोलत, जणू हे लोक गल्लीत राहतात आणि त्यांच्या घरचं भांडण सकाळीच नळावर कळलं आहे.

त्यातही त्यांना लढणारे सरदार नको असत. लढाई आली की त्या पानं उलटत. "लढत्यात काय, सगळीच लढत्यात," त्या म्हणायच्या. "सरदार भ्याला, रडला, वाट चुकला, घोड्यावरनं उतरला, की मग माझ्या कामाचा." असे भलतंसलतं वागणारे सरदार त्यांनी आयुष्यभर गोळा केले होते. एक सरदार होता, त्याचा आणि शत्रूचा सामना सकाळपासून चालला होता. दुपारी शत्रूची तलवार मोडली. मारायचं सोडून याने त्याला सावलीत बसवलं, शिरस्त्राणातून पाणी आणून पाजलं, नवी तलवार यायची होती म्हणून रात्री दोघं एकाच झाडाखाली झोपले आणि सकाळी उठून पुन्हा लढायला लागले. "झोप कशी लागली असंल गं त्यास्नी?" मॅडम विचारायच्या. त्यांना खरोखर तो प्रश्न पडलेला असायचा. डोळे मोठे व्हायचे, चहा गार व्हायचा.

दुसरा एक सरदार रानात वाट चुकला होता. गुराख्याला वाट विचारायची होती. त्याने तोंड उघडलं, मग थांबला, घोड्यावरून उतरला आणि मग विचारलं. गोष्ट एवढीच. पुढे तो कुठे गेला, त्याने कुणाला मारलं, हे त्या सांगतच नसत. मी एकदा चिडून म्हटलं, "मॅडम, पण पुढे काय झालं?" त्यांनी कपाळाला हात लावला. "पुढं? अगं, उतरला की त्यो! आणखी काय पायजे तुला?"

आणि ती गोगलगाय! जुन्या काळी त्या देशांत पुस्तकं हाताने लिहीत आणि पानांच्या कडेला चित्रं काढत. त्यात पुष्कळ ठिकाणी म्हणे चिलखत घातलेला, ढाल-तलवार घेतलेला सरदार एका गोगलगाईसमोर थरथर कापताना दाखवला आहे. असं एक चित्र मॅडमनी कुठल्याशा परदेशी मासिकातून कापून आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. जिथे इतर लोक गणपती किंवा लक्ष्मी चिकटवतात, तिथे यांचा गुडघे टेकलेला सरदार आणि शिंगं उगारलेली गोगलगाय. "का भ्यालाय तो?" मी विचारलं. "कुणाला ठावं न्हाय. मोठमोठ्या विद्वानांनी डोकी फोडून घेतली. कुणी म्हणतंय चेष्टा हाय, कुणी म्हणतंय टोमणा हाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला वाटतंय, त्येला कुणीतरी पहिल्यांदाच इच्यारलं असंल, बाबा, तू खरंच कशाला भ्यातोस? आणि त्यानं खरं सांगून टाकलं."

या सगळ्यावर त्या पीएच.डी. करत होत्या. वर्षानुवर्षं करत होत्या. विद्यापीठातल्या एका वजनदार गृहस्थांनी त्यांना सल्ला दिला होता, की बाई, तुम्ही हे घोडे आणि किल्ले कशाला घेऊन बसलाय, तुम्ही दलित आत्मकथनं घ्या, लगेच होऊन जाईल. मॅडमनी त्यांना सांगितलं, "सर, माझ्यावर मीच कशाला पीएच.डी. करू? ती तुम्ही करा. मला तुमचा घोडा बघायचाय." ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा त्या हसत होत्या, पण मी हसले नाही.

घोड्याचं मूळ मला पुढे एकदा कळलं. मॅडमचं गाव कोल्हापूरपासून एस्टीने पाऊण तासावर. लहानपणी त्या आईबरोबर गवताचा भारा घेऊन वाटेने चालल्या, की समोरून गावातल्या बड्या घरचा घोडा यायचा. आई डोक्यावरच्या भाऱ्यासकट वाट सोडून खाली शेतात उतरायची आणि लेकीला दंडाला धरून ओढायची. चिखल असो, काटे असोत. "रोज बघायचो मी. आम्हीच उतरायचो. वरचा कवा उतरतोय, हे बघायची लई हौस होती गं. गावात काय दिसलं न्हाय. मग लायब्ररीत घावलं." एवढं सांगून त्या तासाला निघून गेल्या. मी मात्र पुढचा तास कसा घेतला, ते मला आठवत नाही.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. भाऊ लवकर गेला, तेव्हा त्याचे दोन मुलगे, आनंद आणि राहुल, यांना त्यांनी शिवाजी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत आणून शिकवलं. वहिनी आणि म्हातारी आई गावी असत. थोरला आनंद म्हणजे त्यांचा जीव की प्राण. उंचापुरा, कमी बोलणारा, पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळून गुडघे फोडून घेणारा. तो सैन्यात भरती झाला तेव्हा मॅडमनी सगळ्या स्टाफरूमला पेढे वाटले आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "भूगोल, आमच्या घरात पहिला चिलखतवाला झाला बघ!"

नव्वदीच्या मध्यावर एका उन्हाळ्यात आनंदचं लग्न ठरलं. तो रजेवर आला आणि त्याने एकच मागणं मागितलं. वरात घोड्यावरून निघाली पाहिजे, आणि चावडीसमोरच्या मोठ्या रस्त्याने बुद्धविहारापर्यंत गेली पाहिजे. गावात बौद्धवाड्यातला नवरदेव त्या रस्त्याने घोड्यावरून कधी गेला नव्हता. कायदा आडवा येत नव्हता, पण रीत आडवी यायची. मागच्या रस्त्याने जा, कुणी काही म्हणणार नाही, असं दोन-तीन समजूतदार माणसांनी सुचवून पाहिलं. आनंद म्हणाला, "सीमेवर जातो तवा मला कुणी मागच्या रस्त्यानं पाठवत न्हाय."

मी त्या लग्नाला गेले होते. कॉलेजातले आम्ही चौघं-पाचजण होतो. घोडा गडमुडशिंगीहून आणलेला, पांढराशुभ्र. आनंदने पांढरा झब्बा आणि निळा फेटा घातला होता. तो घोड्यावर बसला तेव्हा मॅडमनी लांबूनच त्याच्यावरून बोटं मोडली. त्या दिवशी त्या पोराच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. हलगी कडकडत होती, पोरं नाचत होती, आणि चावडीजवळ येताच वरात एकदम थांबली.

रस्त्यात दोन मोटारसायकली आणि एक रिकामी बैलगाडी आडवी लावलेली होती. पंधरा-वीस माणसं उभी. त्यांच्या पुढे बापू नावाचे पन्नाशीचे गृहस्थ, गावात शब्दाला मान असलेले. ते आरडाओरडा करत नव्हते, हेच जास्त भीतीदायक होतं. "पावणं, घोडं चालवत न्या की. आमचं काय म्हणणं न्हाय," ते म्हणाले. "वर बसून जायचं न्हाय. नवरदेवानं उतरायचं. आमच्याकडं रीत न्हाय."

आनंदने लगाम आवळला. त्याचे सैन्यातले दोन मित्र पुढे सरकले. मागे नाचणाऱ्या पोरांपैकी कुणी कुणी वाकून दगड उचललेले मी पाहिले, आणि पलीकडेही हात वाकले. माझ्या शेजारी आमचे राज्यशास्त्राचे सर होते, त्यांनी माझी पिशवी घट्ट धरली होती, स्वतःची समजून. पुढच्या क्षणी काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. एवढ्यात मॅडम गर्दीतून वाट काढत घोड्यापाशी गेल्या.

"आनंदा, उतर."

हलगीवालासुद्धा त्यांच्याकडे बघत राहिला. आनंदला वाटलं असावं, आपण चुकीचं ऐकलं. तो वाकून म्हणाला, "काय म्हणालीस, आत्ती?"

"उतर म्हणतो न्हवं. उतर खाली."

आनंदच्या आईने डोळ्याला पदर लावला. पोरांच्या हातातले दगड हातातच राहिले. आनंद उतरला. ज्या आत्याने वाढवलं, तिच्या शब्दाबाहेर तो जाऊ शकत नव्हता. चावडीवरच्या घोळक्यातून कुणीतरी शिट्टी मारली. मला त्या घटकेला मॅडमचा भयंकर राग आला. इतकी वर्षं सरदारांच्या गोष्टी सांगितल्या आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ही बाई वाकली, असं माझ्या मनात आलंसुद्धा.

मॅडम मागे वळल्या. "आये, पुढं ये," त्यांनी आपल्या आईला हाक मारली. यमुनाबाई ऐंशीच्या घरात, पाठीत वाकलेल्या, नातवाच्या लग्नासाठी नवं पातळ नेसलेल्या. "मी? मी कशाला?" असं त्या म्हणेपर्यंत मॅडमनी दोन पोरांना खूण केली. पोरांनी म्हातारीला अलगद उचललं आणि घोड्यावर बसवलं. आनंदच्या हातात मॅडमनी लगाम दिला. मग त्या बापूंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बापू, नवरदेव उतरला. तुमचा शब्द ऱ्हायला. आता ही म्हातारी बसलीया. तिला उतरवायची असंल तर दुसऱ्या कुणाला पाठवू नका, तुम्ही सोता या आणि हाताला धरून उतरवा. तुमची आई रानात भांगलायला असायची, तवा बांधावर झोळीत घालून हिनंच तुम्हाला जोजवलंय. तुमचं वजन हिला ठावं हाय. हिचं तुम्हाला बघायचं असंल तर या."

बापू हलले नाहीत. खाली बघत राहिले. आणि मग चावडीशेजारच्या घराच्या पुढच्या सोप्यातून एक पिकली म्हातारी बाहेर आली. ती बापूंची आई होती. चौकटीला धरून, कपाळावर हात आडवा धरून तिने घोड्याकडे पाहिलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "यमुने! घट्ट धर गं! पडशील!"

कुणीतरी हसलं. कुठल्या बाजूचं ते कळलं नाही. बैलगाडी कुणीतरी मागे ओढली. आनंदने लगाम धरून चालायला सुरुवात केली आणि यमुनाबाई त्या रस्त्याने, ज्याच्या कडेला त्या जन्मभर उतरत आल्या होत्या, घोड्यावरून विहारापर्यंत गेल्या. मी त्या गर्दीत चालत होते आणि मला हुंदका आवरत नव्हता. भूगोल शिकवणाऱ्या बाईने असं रडू नये, पण मी रडले. विहाराशी म्हातारीला उतरवल्यावर मी विचारलं, "आजी, कसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "डोळंच मिटून घेतलंतं बाई मी. काय बी दिसलं न्हाय."

पुढचे कित्येक महिने कोल्हापुरात आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. मॅडमचे सत्कार झाले, शाली आल्या, नारळ आले. व्याख्यानांना बोलावणी आली. मीही ज्याला त्याला ती गोष्ट सांगत होते. एकटा आनंद काही बोलला नव्हता. लग्न झालं, जेवणं झाली, तो रजा संपायच्या आत निघून गेला.

वर्षभराने तो पुन्हा रजेवर आला तेव्हा मी मॅडमकडे चहाला बसले होते. मॅडम कुणा पाहुण्याला तीच गोष्ट सांगत होत्या. पाहुणे गेल्यावर आनंद भिंतीला टेकून, आवाज न चढवता म्हणाला, "आत्ती, तुझं सगळं बरोबर हाय. भांडण टळलं, आज्जी बसली, तुझं नाव झालं. पण त्या दिवशी घोडा माझा होता. एक दिवस. तुझं सरदार जन्मभर वर बसलेलं असत्यात, त्यास्नी उतरायला काय लागतंय? मी कुठं बसलोतो अजून? चावडीपतूरच गेलतो की मी."

मॅडम काही बोलायला गेल्या. तो उठला, चपला घातल्या आणि जिन्यावरून उतरून गेला.

त्यानंतर तो रजेवर आला की परस्पर गावी जाई. पैसे पाठवी, सणाला आईकडून निरोप पाठवी, पण आत्ती अशी हाक त्याने मारली नाही. मॅडमनी ती गोष्ट सांगणं बंद केलं. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "ती गोष्ट अर्धी हाय. पुरी झाली की सांगतो." त्यांच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण टाइप होऊन बांधायला जायचं होतं. ते त्यांनी फाडून टाकलं. मी घाबरून विचारलं तर म्हणाल्या, "भूगोल, इतकी वर्षं मी बघत आलो, कोण उतरलं. घोडा आधी कुणाचा हुता, हे बघितलंच न्हाय. रित्या हाताच्या माणसाला दानशूर हो म्हणून सांगण्यासारखं झालं ते." शेवटचं प्रकरण त्यांनी नव्याने लिहिलं. त्यात दोन वर्षं गेली. पदवी मिळाली तेव्हा त्या निवृत्तीला आल्या होत्या. पेढे वाटले नाहीत.

विद्वान माणसं मी पुष्कळ पाहिली. आपलं म्हणणं घट्ट धरून ठेवणारीच जास्त. सत्काराच्या शाली कपाटात असताना, एका पोराच्या चार वाक्यांवरून स्वतःचं आयुष्यभराचं म्हणणं पुन्हा तपासणारी ही एकच बाई. मला त्यांच्याबद्दल काय वाटतं ते नीट सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची. देवळात गेल्यावर वाटते तशी.

मॅडम आता नाहीत. साखरेच्या दुखण्याने त्यांना निवृत्तीनंतर फार वर्षं मिळू दिली नाहीत. शोकसभेत सगळे यमुनाबाईंच्या घोड्याबद्दलच बोलले. मला बोलायला उभं केलं होतं, पण मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. मला जे सांगायचं होतं ते तिथल्या लोकांनी पाहिलेलं नव्हतं. ते राहुलच्या लग्नातलं होतं.

धाकट्या राहुलचं लग्न आनंदच्या लग्नानंतर सात-आठ वर्षांनी झालं. यमुनाबाई तोवर गेल्या होत्या, बापूही गेले होते. गाव बदललं होतं. चावडीसमोर मोबाइलचं दुकान आलं होतं, आणि बौद्धवाड्यातल्या आणखी दोघांच्या वराती मधल्या काळात घोड्यावरून त्याच रस्त्याने बिनबोभाट गेल्या होत्या. अडवायला कुणी उरलं नव्हतं. काळजी एकच होती. आनंद येणार का?

तो आला. बायको आणि लहान मुलगी यांच्यासह, लग्नाच्या दिवशी सकाळी. मॅडमना त्याने लांबून नमस्कार केला, "जयभीम" म्हणाला आणि मांडवाच्या कामाला लागला. मॅडमचे गुडघे तोवर पार गेले होते. वरात निघाली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि पिशवीतून खडीसाखरेचा एक मोठा खडा काढून तोंडात टाकला.

"मॅडम, साखर? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

त्यांनी खडा गालात सरकवला. "आज मी काय बोलणार न्हाय. मागल्या येळी बोललो ते बास झालं. तोंडात काय तरी असलं की जीभ आवरती." एवढं बोलून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

राहुल घोड्यावर होता. पांढरे कपडे, निळा फेटा. आनंद सगळ्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून, वाट्याला आलेली ड्युटी केल्यासारखा चालत होता. हलगी वाजत वाजत वरात चावडीसमोर आली. आणि राहुलने लगाम ओढला.

घोडा थांबला. हलगी थांबली. मॅडमची बोटं माझ्या दंडात रुतली. समोर रस्ता मोकळा होता. कुणी अडवलेलं नव्हतं, कुणी काही म्हटलेलं नव्हतं. चावडीच्या कट्ट्यावरच्या दोघातिघांनी पेपरातून मान वर केली, एवढंच. राहुल खाली उतरला. वऱ्हाडातून सरळ मागे चालत गेला आणि भावासमोर उभा राहिला.

"दादा, चल. बस."

"खुळा हायस काय?" आनंद म्हणाला. "लगीन तुझं हाय."

"हायच की माझं. कुठं पळून चाललंय? हितनं पुढं तुझं ऱ्हायलंय. हितनं तू बस."

आनंदने मॅडमकडे पाहिलं. मला वाटतं, त्याला वाटलं असावं, हेही आत्तीनेच शिकवून ठेवलं आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पण मॅडमचा चेहरा मी जवळून बघत होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आठशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत ज्या गोष्टीचा त्यांनी जन्मभर शोध घेतला, ती त्यांच्या घरातलं एक पोर त्यांच्यासमोर करत होतं, आणि त्यात त्यांचा एक शब्द नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

आनंदची बायको पुढे झाली आणि त्याच्या पाठीला हलकेच हात लावून म्हणाली, "बसा की वो." तो घोड्यापाशी गेला. रिकिबीत पाय ठेवताना एवढा मोठा फौजी गडी लहान मुलासारखा अडखळला. वर बसला. राहुलने स्वतःचा फेटा काढून त्याला दिला. त्याने तो डोक्यावर ठेवला, पाठ ताठ केली, आणि नवरदेवाने लगाम धरून थोरल्या भावाला चावडीसमोरून पुढे नेलं. कट्ट्यावरच्या माणसांनी पुन्हा पेपरात तोंड घातलं. ज्या वाटेपायी एवढं झालं, तिचं आता तिथे कुणालाच काही वाटत नव्हतं.

मॅडम जागच्या हलेनात. मी म्हटलं, "मॅडम, बोला की आता. आता बोला."

त्यांनी खडीसाखरेचा उरलेला खडा तोंडातून काढून तळहातावर घेतला. तोंड उघडलं. तेवढ्यात पुढे गेलेला घोडा थोडा थांबला, आणि वर बसलेल्या आनंदने मागे वळून हाक मारली,

"आत्ती, येतीस न्हवं?"

मॅडमनी मान हलवली, खडा परत तोंडात टाकला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वरातीच्या मागे चालू लागल्या.